सोडलेल्या श्वासाचा हिशेब

सकाळी सहाला कुठल्याही गावातल्या बागेत चक्कर मारा, सतरंज्या अंथरून बसलेला एक घोळका हमखास दिसेल. समोर बसलेले काका सांगत असतात, "भरपूर श्वास घ्या, पेशीपेशीत ऑक्सिजन पोचू द्या." प्राणायाम करावा याबद्दल काकांशी वाद नाही. मात्र ते जे कारण सांगतात, ते जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्यात मोजून पाहिलं गेलं आणि टिकलं नाही.

विशेष म्हणजे मोजणारा माणूस स्वतः पक्का योगी होता. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ मध्ये गुजरातेत डभोईला झाला. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तालीम, अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापन आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे योगाचं शिक्षण, असा त्यांचा प्रवास. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करणाऱ्याच्या पोटातला दाब त्यांनी उपकरण लावून मोजला. तो बाहेरच्या हवेच्या दाबाखाली उतरतो असं दिसल्यावर त्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. मग प्राणायामाची पाळी आली. बाहेर सोडलेल्या हवेची तपासणी करून साध्या श्वसनाशी तुलना केली, तेव्हा प्राणायामात शरीर काही फार जादा ऑक्सिजन घेत नाही असं आढळलं. कुवलयानंदांनी हे झाकून ठेवलं नाही. प्राणायामाचं खरं काम मज्जासंस्थेवर आणि छाती-पोटातल्या दाबांवर चालतं, ऑक्सिजनचा मुद्दा दुय्यम आहे, ही भूमिका त्यांनी उघडपणे मांडली. आपल्याच अंगणात झालेला हा निवाडा आपल्याच बागांपर्यंत अजून पोचलेला नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

त्यांना असं का आढळलं असावं, हे कळायला योगाच्या आधी साधा श्वास बघावा लागतो.

निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ श्वास घेतो. एका श्वासात अर्धा लिटर हवा आत येते. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा पसरलेला श्वासपटल हा स्नायू आकसतो आणि सपाट होत खाली सरकतो. छातीतली जागा वाढते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा आपसूक आत शिरते. पोटातले अवयव खाली ढकलले गेल्यामुळे पोट थोडं पुढे येतं. श्वास सोडताना मात्र कुणालाच काही करावं लागत नाही. स्नायू सैल पडतो, ताणलेली फुप्फुसं आपल्या लवचिकपणाने मिटतात आणि हवा निघून जाते. श्वास घेणं हे कष्टाचं काम, सोडणं ही विश्रांती. पुढच्या सगळ्या प्रकारांत या दोन बाजूंपैकी कुठली ताणायची, कुठली आखडायची, एवढाच खेळ आहे.

आता आकडे मांडू. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी अर्धा लिटर, म्हणजे ६ लिटर हवा. तिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे साडेबाराशे मिलिलिटर. निवांत बसलेलं शरीर त्यातला वापरतं जेमतेम अडीचशे. उरलेला आल्या वाटेने परत जातो, म्हणूनच आपण सोडलेल्या हवेतही १६ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन शिल्लक असतो. निरोगी माणसाचं रक्त फुप्फुसांतून बाहेर पडतं तेव्हा त्यातलं हिमोग्लोबिन आधीच ९५ ते ९९ टक्के भरलेलं असतं. करोनाच्या दिवसांत बोटाला चिमटा लावून हा आकडा घरोघरी वाचला गेला आहे. ९८ टक्के भरलेल्या भांड्यात आणखी किती ओतणार?

मग मोठा श्वास आणि छोटा श्वास यांत फरकच नाही का? आहे. नाकापासून फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंतच्या नळ्यांमध्ये दीडशे मिलिलिटरच्या आसपास हवा अडकून राहते. गीझरचा नळ सोडल्यावर आधी पाइपमधलं गार पाणी येतं, तसंच इथे होतं. प्रत्येक श्वासात आधी ही जुनी हवा आत जाते, ताजी तिच्या मागून येते. त्यामुळे मिनिटाला तेवढीच ६ लिटर हवा घेतली तरी ती कशी घेतली याला महत्त्व येतं. पाव लिटरचे २४ उथळ श्वास घेतले तर वायुकोशांपर्यंत पोचते फक्त २.४ लिटर. अर्ध्या लिटरचे १२ घेतले तर ४.२ लिटर. एक लिटरचे ६ सावकाश श्वास घेतले तर ५.१ लिटर. मेहनत वाचते, हवा वाया जात नाही. सावकाश श्वासाचा हा पहिला फायदा. तो खरा आहे, पण तो काटकसरीचा आहे, ऑक्सिजनच्या पुराचा नाही.

उलट जोरजोराने भराभर श्वास घेत राहिलं तर एक चमत्कारिक गोष्ट घडते. आपण ज्याला टाकाऊ समजतो तो कार्बन डायॉक्साइड रक्तातून वाजवीपेक्षा जास्त निघून जातो. रक्ताचा आम्ल-अल्कली तोल सांभाळण्यात या वायूचा मोठा वाटा आहे. तो घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून बसतं, पेशींना सहजी सोडत नाही. हा परिणाम डेन्मार्कच्या ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवला. (अणूवाले नील्स बोर त्यांचे चिरंजीव.) म्हणजे भराभर श्वासांनी रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाहीच, वर मेंदूला मिळणारा वाटा घटतो. बागेतल्या वर्गात नव्या माणसाला "डोकं हलकं हलकं वाटतंय" असा अनुभव येतो आणि त्याला प्राणशक्ती जागी झाल्याचं सांगितलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

श्वास घ्यायची हाकही ऑक्सिजन देत नाही. ती देतो कार्बन डायॉक्साइड. मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवून असतात. तो थोडा जरी चढला तरी "घे श्वास" असा तगादा सुरू होतो. श्वास रोखल्यावर छातीत जी तडफड होते ती या तगाद्याची, ऑक्सिजन संपल्याची नव्हे. भस्त्रिकेचं गणित इथे उलगडतं. भस्त्रिकेत घेणं आणि सोडणं दोन्ही जोरकस असतं. तिची आवर्तनं झाल्यावर कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, खूप लांबतं, आणि साधकाला वाटतं की आपण ऑक्सिजनचा साठा करून ठेवला. प्रत्यक्षात कार्बन डायॉक्साइड खाली ढकलला गेल्यामुळे पहारेकऱ्याला जाग यायला उशीर होतो. पाण्याखाली सूर मारण्याआधी असेच भराभर श्वास घेणारे पोहणारे पाण्यातच बेशुद्ध पडतात, कारण तगादा सुरू होण्याआधी ऑक्सिजन संपतो. जमिनीवर बसलेल्याच्या बाबतीत एवढं होत नाही. तरी भस्त्रिका करून विहिरीत उडी मारू नये, हे एकदा स्पष्ट सांगितलेलं बरं.

भस्त्रिकेची चुलत बहीण कपालभाती. तिच्यात श्वास सोडताना पोटाचा झटका द्यायचा आणि घेताना काहीच करायचं नाही. साध्या श्वसनाच्या बरोबर उलट. झटके नेमके आणि छोटे असले तर एकेका श्वासातली हवा थोडी असते, त्यामुळे कार्बन डायॉक्साइड भस्त्रिकेइतका खाली जात नाही. पोटाचे स्नायू मात्र चांगले कामाला लागतात आणि माणूस तरतरीत होतो. सकाळी आळस झटकायला ती चांगली. पण दूरचित्रवाणीच्या कृपेने आज ती 'प्राणायाम' म्हणून सर्वांत जास्त केली जाते, याची गंमत वाटते. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामांनी लिहिलेल्या 'हठप्रदीपिके'त कपालभाती आहे ती धौती-बस्तीच्या पंगतीत, षट्कर्मांमध्ये. म्हणजे ती साफसफाई, प्राणायामाच्या आधीची. प्राणायामाचे म्हणून सांगितलेले आठ कुंभक वेगळे आहेत : सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा आणि प्लाविनी. अंगण झाडून झालं की पूजा झाली असं आपण म्हणत नाही.

प्राणायामाचं मर्म सोडलेल्या श्वासात आहे असं मला वाटतं, त्यासाठी आता हृदयाकडे जाऊ.

मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. घेताना ठोके किंचित जवळजवळ येतात, सोडताना लांब पडतात. तरुणांत हे अधिक स्पष्ट जाणवतं, वयाबरोबर फरक मंदावतो. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये याची पहिली नोंद आलेखावर घेतली. मेंदूपासून निघून छाती-पोटात पसरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला सतत लगाम घालून असतो. श्वास आत येताना हा लगाम ढिला होतो, श्वास बाहेर जाताना पुन्हा आवळला जातो. श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या दुप्पट केला, तर दर श्वासात लगाम आवळलेला राहण्याचा वेळ वाढतो. हृदयाला आपण "हळू चाल" असा हुकूम देऊ शकत नाही. आतड्यांना, रक्तवाहिन्यांना नाही देऊ शकत. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या हुकमानेही चालतो. जिथे शरीराची ही दोन खाती एकत्र येतात तो एकमेव सोयीचा दरवाजा श्वासाचा, आणि योग्यांनी तो फार पूर्वी हेरला.

गळ्यातल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब जोखणारी ठाणी असतात. रक्तदाब वाढला की ती मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला आवरतो, दाब उतरतो. निरोप जाऊन परिणाम दिसेपर्यंत काही सेकंद जातात, त्यामुळे दाबाची एक लाट तयार होते, साधारण १० सेकंदांची. आता श्वासही १० सेकंदांचा केला, म्हणजे मिनिटाला सहा, तर श्वासामुळे होणारा चढउतार आणि ही लाट एका तालावर येतात आणि एकमेकींना बळ देतात. रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अशा वेळी जास्त सजग होते असं मोजमापांत दिसतं.

हा सहाचा आकडा कुणा एका परंपरेचा नाही. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणिपद्मे हुं' हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या घरात आला. हा अभ्यास २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. जपमाळेत अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. एक म्हणत असतो तेव्हा दुसरा आपोआप श्वास घेतो. गोव्यात संध्याकाळी घरोघरी तेर्स म्हणतात त्याची रीत हीच. लांब ओळ एका दमात म्हणायची, मग श्वास घ्यायचा, हे आपल्या सामुदायिक पठणांतही आहे. मोठ्याने, एका संथ चालीत म्हटलेला कुठलाही पाठ श्वास सोडण्याची बाजू लांबवतो, कारण आवाज निघतो तो श्वास सोडतानाच. मुंजीनंतर संध्येत नाक धरून मनात गायत्री म्हणायला शिकवत, त्यात मंत्राचं माप हेच घड्याळ होतं. सेकंदकाटा नव्हता तेव्हा अक्षरांनी काळ मोजला जाई.

श्वास आणि मेंदू यांच्यातल्या दुव्याचाही अलीकडे काही उलगडा झाला आहे. श्वासाचा ताल ठरवणारा पेशींचा एक छोटा पुंजका मेंदूच्या देठात १९९१ मध्ये सापडला. त्याचं नाव प्री-बॉट्झिंगर संकुल. शेजारच्या भागाचं नामकरण एका परिषदेत जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या जर्मन वाइनवरून झालं, त्यावरून हे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांमध्ये या पुंजक्यातल्या मोजक्या पेशी निकामी केल्या. उंदीर जगले, श्वासही चालू राहिला, पण ते विलक्षण शांत झाले. इकडेतिकडे हुंगत धावायचं सोडून निवांत बसून अंग साफ करू लागले. त्या पेशी श्वासाची खबर मेंदूला जागं ठेवणाऱ्या केंद्राकडे पोचवत होत्या. भराभर श्वास म्हणजे 'सावध हो', संथ श्वास म्हणजे 'सगळं ठीक आहे', अशी ती खबर असावी. माणसातही तंतोतंत हेच घडतं असं म्हणायला अजून वेळ आहे, पण दिशा पटण्यासारखी आहे. संकट टळल्यावर आपण जे 'हुश्श' करतो, ते तरी काय असतं? लांब सोडलेला श्वासच.

एवढं कळलं की बाकीचे प्रकार आपोआप उकलत जातात, कारण त्यांतले बरेचसे एकच काम करतात : हवेची वाट अरुंद करतात, म्हणजे श्वास सावकाश झाल्यावाचून राहत नाही. उज्जायीत घसा किंचित आवळून घेतात, त्याचा समुद्रासारखा आवाज येतो. तो आवाज एकसारखा असला तर श्वास एकसारखा आहे असं समजायचं. शीतलीत जीभ नळीसारखी वळवून तिच्यातून हवा ओढतात. सगळ्यांना जीभ वळवता येत नाही. त्यांच्यासाठी दातांमधून हवा घ्यायची सीत्कारी आहे. ओल्या जिभेवरून हवा जाताना तोंड गार होतं एवढं खरं. उन्हाळ्यात बरं वाटतं. थंडीत किंवा धुळीत करू नये, कारण नाकातली गाळणी आणि ऊब दोन्ही चुकतात.

अनुलोम-विलोमात एक नाकपुडी बंद म्हणजे वाट निम्मी. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मिटून घ्यायचं, अंगठा उजव्या नाकपुडीशी, अनामिका आणि करंगळी डाव्या. डावीने घ्यायचा, उजवीने सोडायचा, उजवीने घ्यायचा, डावीने सोडायचा, हे एक आवर्तन. दाबताना नाक वाकडं करायची गरज नाही, मऊ भागावर बोट टेकलं की पुरे. इडा, पिंगला, चंद्र, सूर्य ही भाषा या प्रकाराभोवती आहे आणि तिच्यामागे एक खरं निरीक्षण आहे. आपल्या दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या वाहत नाहीत. नाकाच्या आतल्या पडद्यांत रक्त भरून एक बाजू फुगते, काही तासांनी ती ओसरते आणि दुसरी फुगते. स्वरशास्त्राच्या जुन्या ग्रंथांना हे ठाऊक होतं. युरोपात रिचर्ड कायझर या जर्मन वैद्याने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. कुशीवर निजलं की वरची नाकपुडी मोकळी होते, काखेत दाब दिला की विरुद्ध बाजूची. साधूंच्या हातातला योगदंड काखेत धरतात तो यासाठी. पण डावी नाकपुडी थंड आणि उजवी गरम, या जुन्या विभागणीला प्रयोगांचा आधार कच्चा आहे. बेंगळुरूला शर्ली टेलेस आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये छापलेल्या प्रयोगात महिनाभर उजव्या नाकपुडीने श्वसन करणाऱ्यांचा ऑक्सिजनचा खप सर्वांत जास्त वाढला, हे खरं. पण डावीवाल्यांचाही वाढला. मला विचाराल तर अनुलोम-विलोमाचं बळ वाट अरुंद होण्यात आणि मोजणीत मन गुंतण्यात आहे. सूर्य-चंद्राची जोड ज्याला हवी त्याने ठेवावी.

भ्रामरीला मात्र स्वतःचं एक वेगळं काम आहे. ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडायचा. सोडणं लांबतंच, शिवाय नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमधली हवा थरथरते. त्या पोकळ्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होत असतो. स्वीडनमधल्या वाइत्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये दाखवलं की नुसता श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणत सोडला तर नाकातून येणारा हा वायू पंधरा पट होतो. म्हणजे कोंदलेल्या पोकळ्यांत हवा खेळते. सर्दीचा इलाज म्हणून एवढ्यावर विसंबू नये, पण नवख्या माणसाने पहिला प्रकार कोणता करावा, असं विचारलं तर मी भ्रामरीच सांगेन. तिच्यात चुकायला जागाच कमी आहे.

कुंभकाची गोष्ट वेगळी. पतंजलींच्या योगसूत्रांत तर श्वास-उच्छ्वासाची गती थांबणं हाच प्राणायाम. परंपरेने घेणं, रोखणं, सोडणं यांचं प्रमाण १:४:२ असं सांगितलं आहे, आणि रोखताना हनुवटी छातीशी टेकवणारा जालंधर, गुदद्वार आकसणारा मूलबंध आणि पोट आत ओढणारा उड्डियान. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हे तिन्ही बंध सविस्तर येतात. छातीत हवा कोंडून स्नायू आवळले की आतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि हृदयात भरणारं रक्त घटतं. हृदय बंद करून दाखवणाऱ्या योग्यांच्या कथा आपण ऐकल्या आहेत. वेंगर, बागची आणि आनंद या तिघा संशोधकांनी भारतात अशा योग्यांची तपासणी करून १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. नाडी लागेनाशी होई, छातीला लावलेल्या नळीतून आवाज येईनासा होई, पण विद्युत आलेखात हृदय चालूच दिसे. रक्तच पुरेसं येत नसल्याने ठोका मनगटापर्यंत पोचत नव्हता. हे कौशल्य लहान नाही, पण रक्तदाबाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या माणसाने दीर्घ कुंभकापासून लांब का राहावं, हे यातून कळतं. कुवलयानंदांनी सामान्य माणसासाठी कुंभक बाजूला ठेवून घेणं-सोडणं १:२ एवढ्यावरच भर दिला. त्यात मला मोठा शहाणपणा दिसतो.

ध्यानातल्या श्वासाची रीत याच्या उलटी आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर असतं. त्यात पहिले साडेतीन दिवस आनापान. श्वास मोजायचा नाही, लांबवायचा नाही, मंत्र जोडायचा नाही. नाकपुड्यांच्या तोंडाशी आणि वरच्या ओठाच्या वर तो जसा येतो-जातो तसा जाणायचा. ऐकायला सोपं आहे. बसल्यावर कळतं की लक्ष गेलं की श्वास बदलतो, आणि आपण न बदलता बघायचं म्हणतो तेव्हा तर तो फारच बेगडी होतो. पहिला दिवस बहुतेकांचा या झटापटीत जातो. पुढे हळूहळू हुकूम देणारा दमतो आणि बघणारा उरतो. श्वास आपणहून संथ होतो. तो जसा बारीक होतो तशी त्याची जाणीवही बारीक, आणि ती पकडायला लक्षाला अधिक धार यावी लागते. लक्षाची कसरत आहे ती, श्वासाची नव्हे. म्हणून दोन्ही एकाच वेळी मिसळू नयेत. आधी दहा मिनिटं अनुलोम-विलोम करून थांबावं, मग हात मांडीवर ठेवून नुसतं बघावं, हे चालतं. बघता बघता मधूनच सुधारणा करायला जाऊ नये.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. पतंजलींनी आसन आधी आणि प्राणायाम नंतर ठेवला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार त्याच्यावर अडून बसत, त्यालाही व्यवहारी कारण आहे. पाठीला पोक काढून बसलं की बरगड्या पोटावर टेकतात आणि श्वासपटलाला उतरायला जागाच राहत नाही. पाठ ताठ ठेवून पंधरा मिनिटं बसवत नसेल तर अय्यंगारांच्या पद्धतीप्रमाणे आडवं पडून सुरुवात करावी. पाठीच्या कण्याखाली लांबट घडी केलेली चादर, डोक्याखाली दुसरी. खुर्चीवर बसलात तरी हरकत नाही, फक्त टेकून घसरू नका. जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. एक हात पोटावर, एक छातीवर ठेवून पाहा. खालचा हात आधी हलला पाहिजे. वरचाच हलत असेल तर एक-दोन आठवडे एवढाच सराव पुरे.

मग मोजणी. दोन अंक घ्या, चार अंकांत सोडा. जमलं की तीन-सहा, मग चार-आठ. चार-आठला एक श्वास साधारण बारा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला पाच. त्याच्या पुढे जायची घाई नसावी. सावकाश म्हणजे ठासून भरलेला असंही नाही. छाती गच्च भरून संथ श्वास घेतला तरी कार्बन डायॉक्साइड उतरू शकतो आणि चक्कर येऊ शकते. पोटभर जेवल्यावर शेवटचा घास नको वाटतो, त्याच्या आधी थांबावं, एवढाच श्वास. दिवसातून दहा-पंधरा मिनिटं रोज केली तर काही आठवड्यांनी रक्तदाबात थोडी घट दिसू शकते. थोडी. तिच्यावर भिस्त ठेवून गोळी बंद करणं हा वेडेपणा आहे, आणि दम्याच्या माणसाने पंप खिशातच ठेवावा.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, अपस्मार, गरोदरपण, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक वगळा. नुसतं संथ श्वसन आणि भ्रामरी डॉक्टरांना विचारून करता येते. कपालभातीच्या अतिरेकाने एका तरुण स्त्रीच्या फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरल्याची नोंद २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. असं क्वचितच होतं, पण 'नैसर्गिक आहे, त्याने काय होणार' या म्हणण्याला ते उत्तर आहे. 'हठप्रदीपिके'नेही चुकीच्या प्राणायामाने उचकी, दमा, खोकला आणि डोकं-कान-डोळ्यांची दुखणी होतात असा इशारा दिला आहे, आणि प्राण हा हत्ती-वाघासारखा हळूहळूच माणसाळवावा लागतो असं बजावलं आहे.

आपलं प्रमाण बरोबर आहे की नाही याची खूण साधी आहे. श्वास पूर्ण सोडून झाल्यावर पुढचा श्वास शांतपणे आत आला तर अंक ठीक. तो हपापून ओढून घ्यावा लागला तर अंक मोठा झाला, दोनाने खाली या.